निळ्याचा पोळा

दिग्रसच्या आसपास जनावरांवर माया करणारी माणसं ढिगानं सापडतील. पण मुळात नसलेल्या जनावरावर इतकी माया करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझ्या सुनेचे वडील. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. या इवायांबद्दल सध्या घरात एक गोष्ट चुकीची बोलली जाते, आणि खरं काय ते ठाऊक असूनही मी गप्प आहे. या वयात असलं गप्प बसणं पचत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आम्हा दोघांची नात मनू पुण्याला असते. तिनं इवायांच्या मोबाइलमध्ये एक खेळ घालून दिला. त्यात नाना तऱ्हेचे प्राणी पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. कुणी आगीचा, कुणी विजेचा, कुणी दगडाचा. मनूनं दिलं ते पाण्यातलं पिल्लू: निळं, गुटगुटीत, मिशाळ, तोंडानं पिचकारी मारणारं. "आबाजी, याला मोठं करा, माझ्या टीमला लागेल," एवढंच ती म्हणाली. इवायांनी त्याचं नाव निळ्या ठेवलं, आणि बैलजोडी जाऊन ट्रॅक्टर आल्यापासून रिकामे पडलेले दोन्ही हात त्याच्या सेवेला लावले.

मोबाइल सदऱ्याच्या खिशात, पण पडदा बाहेरच्या बाजूला. "त्याले हवा नोको का?" समोर लहानसा प्राणी आला की इवाई झुंज नाकारत. "लेकराच्या अंगावर कायले सोडू?" निळ्या जखमी झाला तर खेळातल्या औषधानं क्षणात टुणटुणीत होई, पण इवाई त्याला बराच वेळ कामाला लावत नसत. मी एकदा म्हटलं, "अहो, त्याची ताकद पूर्ण भरलेली दिसतेय." तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तापानं फणफणलेला बैल औताला धरला होता. "औषध पाजल्याबरोबर जुंपते का कोणी?" विजेच्या प्राण्यांशी तर उभा दावा. ओल्या हातानं मोटरचा स्टार्टर दाबून एकदा ते स्वतः बांधावर फेकले गेले होते. तेव्हापासून पाणी आणि करंट यांची सोयरीक त्यांना मान्य नाही. तसला प्राणी दिसला की मोबाइल छातीशी धरून ते चक्क दुसऱ्या खोलीत निघून जात. एवढे लाड होऊनही निळ्या दणदणीत वाढला. आगीचे भलेभले प्राणी त्याच्या एका फवाऱ्यात आडवे होत. मनू फोनवर किंचाळायची, "आबाजी, तुम्ही ग्रेट आहात!" आणि इवाई बाजारात तूर विकता विकता गिऱ्हाइकाला निळ्या दाखवत.

मनूच्या टीमची शेवटची लढत ठरली ती पोळ्याच्या संध्याकाळी. समोर सगळे आगीचे प्राणी. सगळी भिस्त निळ्यावर. मी तेव्हा दिग्रसला त्यांच्याकडेच होतो. आमच्याकडे आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं चोळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. इवायांनी मोबाइल पाटावर ठेवला, काचेला हळदीचं बोट लावलं आणि हळूच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मी पोट धरून हसलो. मला वाटलं, थट्टा चाललीय.

दुसऱ्या दिवशी लढतीची वेळ झाली. मनूच्या फोनांनी मोबाइल थरथरत होता आणि इवाई त्याच्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवून स्वस्थ बसले होते.

"अहो, पोरगी खोळंबलीय तिकडे!"

"आज पोळा हाय जी."

"तो बैल आहे का?"

"सालभर कमावते ना? मंग? या घरानं आजच्या दिवशी कोणाच्या खांद्यावर जू ठेवलं नाही. आवतण देऊन जुंपू काय त्याले?"

टीम हरली. रात्री मनूनं रडत रडत कारण विचारलं, तर म्हणाले, "माहा डोळा लागला, बाई." फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळले. "खरं सांगतलं तं मैत्रिणी हासतीन तिले. झोपलो म्हटलेलं बरं. तुम्ही बोलू नोका."

मी बोललो नाही. तेव्हापासून त्यांचं नाव 'झोपाळू आबाजी' पडलं. मनूनं खेळातल्या खेळात निळ्या स्वतःकडे पुण्याला नेला आणि बदल्यात एक आगीचा राक्षस पाठवून दिला. त्याचंही खाणंपिणं इवाई बिनचूक करतात. नाव मात्र अजून ठेवलेलं नाही. मनूचा फोन येतो, पण तब्येतीपुरता.

मनू, तुझे आबाजी झोपले नव्हते. मी शेजारीच बसलो होतो. मैत्रिणी हसल्या तर हसू देत.

परवा दिग्रसला जाऊन आलो. चहा झाला, कापसाच्या भावाचं बोलणं झालं. मला पोचवायला इवाई बसस्टँडवर आले. गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांनी माझी बाही धरली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "इवाई, पुण्याचं पाणी कसं हाय जी? मानवलं असन ना त्याले?"

मला काय ठाऊक!

"चांगलं आहे," मी म्हटलं. "धरणाचं आहे."

"मंग बरं हाय," ते म्हणाले. पण बाही सोडायला त्यांना जरा वेळ लागला.