चिंचेवरचा आळ

आमच्या दारातली चिंच वडिलांनी तोडली ती माझ्यामुळं. साठ वर्षं गप्प बसलो, आता लिहून टाकतो.

धोंड्याचा महिना होता. नवे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, परंड्याला आमच्याकडं धोंडे जेवायला आले होते. त्या महिन्यात जावयाला देवासारखं जपायचं. मी त्या देवाला सायकलच्या हँडलवर बसवलं. ब्रेक नाही हे दोघांनाही माहीत होतं. दाजी पाय पुढं काढून, अंगठ्यानं घंटी वाजवत म्हणत होते, "सोड मेहुण्या, अजून सोड." किल्ल्याकडच्या उतारावर मी हसून इतका वाकलो की वळण दिसलंच नाही. वळणावर भिंत होती.

जावयाला हँडलवर बसवलं हे कळतं तर वडिलांनी मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून दाजींनी आणि मी ठरवलं : ताईला चिंच खावीशी वाटली, दाजी झाडावर चढले, कुशीवर पडले. आई त्या गडबडीतही ताईच्या पोटाकडं बघून हसली.

सोलापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. खुब्याची वाटी फुटली होती. पण कुठली कड, हे त्या धूसर फोटोत कळेना.

"कसे पडले?"

"झाडावरून. कुशीवर."

"कुशीवर पडल्यावर पाय असा आत वळत नाही. नीट सांगा. पुढून उघडायचं की मागून, ते त्यावर ठरवायचंय. चुकीच्या बाजूनं शिरलो तर तुटलेला तुकडा हाती लागणार नाही, आणि हे जन्माचे लंगडे होतील."

वडील दाराशीच उभे होते. मी दार लोटलं, स्टुलावर बसलो, हात पसरले आणि सायकल झालो.

"गुडघा आधी आदळला?"

"व्हय. गुडघाच."

स्ट्रेचरवरून दाजी कण्हले, "घंटीचं सांगा की. घंटी म्या वाजवत हुतो."

डॉक्टर भिंतीकडं वळले. त्यांचे खांदे हलत होते.

"हसवू नका, लई दुखतंय," दाजी म्हणाले.

"यांना कुशीवर घ्या," डॉक्टरांनी नर्सला सांगितलं. "मागून उघडू."

दोन स्क्रू बसले. दाजी माझ्या लग्नात नाचले, थोडे तिरके. पण आम्ही सोलापूरहून परतलो तेव्हा दारात नुसता बुंधा होता. जावयाला पाडणारं झाड दारात नको, असं वडील म्हणाले होते. त्या बुंध्यापाशी आलं की दाजी अंगठ्यानं हवेतच घंटी वाजवायचे, आणि मी खोकल्याचं नाटक करत घरात पळायचो.

ताई, तुला चिंच कधीच खायची नव्हती. आई मात्र वर्षभर पाळणा पुसत राहिली.