पेट्यांच्या काट्यावर ताई

२००४ साली मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून ताईच्या दुखण्यातलं सगळं मलाच कळतं असं आईबाबांनी धरलं होतं. ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. एक दिवसाआड इंजेक्शन मीच द्यायचे. तरी तिचे पाय जड होत चालले होते.

कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, "वजन जास्त असलं की या औषधाचा गुण कमी येतो, अशी मला शंका आहे. खात्री नाही. तीन महिने वजन उतरवून बघू. उतरूनही चालणं बिघडलं, तर औषध बदलू."

बाबा पावस गावी एका बागेत राखणीला होते. तिथे आंब्याच्या पेट्या तोलायचा काटा होता. दर रविवारी ताई त्यावर उभी राहायची.

"किती डझनाची भरले, बाबा?"

"तुझी पेटी मुंबैपर्यंत टिकायची नाय गो. वाटेतच बडबडून फुटेल."

आकडा उतरत होता. अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, त्र्याहत्तर. मी वहीत लिहायचे. आई खूश होती. मला मात्र चैन पडत नव्हतं. प्रॅक्टिकलला हातातली परीक्षानळी तशीच राहायची. वजन उतरतंय, मग पाय का नाही सुधारत?

शेवटच्या रविवारी बाबा म्हणाले, "आज लय रेललीस गो."

मी पाहिलं. ताईचा हात काट्यालगतच्या बुटक्या चिऱ्याच्या भिंतीवर होता, बोटं पांढरी पडली होती.

"हात सोड, ताई."

"सोडला तर पडेन."

आम्ही तिला खुर्चीसकट काट्यावर बसवलं. खुर्चीचं वजन वजा केलं. अठ्ठ्याहत्तर. उरलेला भार इतके दिवस भिंतीने घेतला होता, आणि विज्ञान शिकणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

कोल्हापूरला जाताना एसटीत ताई हळूच म्हणाली, "त्र्याहत्तरच सांग. औषध तरी बदलतील."

मी वही उघडून पुन्हा आकडे पाहिले. डॉक्टरांसमोर ती ठेवली आणि एका दमात सांगितलं, "यातले आकडे खोटे आहेत. ती भिंतीला टेकून उभी राहायची. चूक माझी."

ताईने मान फिरवली.

डॉक्टर आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. "पहिल्या रविवारी टेकली होतीस?"

"नाय," ताई म्हणाली. "तेव्हा उभं राहवत होतं."

त्यांनी वही मिटली नाही. "म्हणजे हे आकडे वजनाचे नाहीत, पाय किती खचले त्याचे आहेत. आता आधाराशिवाय उभी राहा बघू," म्हणाले.

मी हात पुढे केला. ताईने तो घेतला नाही. टेबलाची कड धरून ती उठली, आणि मग कडही सोडली.