दिवेवालीची फेरी

माझ्या गुणाजीमामाला बसता येत नाही. खुर्ची दिली तर तिच्या कडेला टेकतो, चहा उभ्याने पितो आणि टीव्हीवर बातम्या बघतानाही त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक मारत असतो. दिवसभर चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. "बसा ओ वाईच एका जाग्यार," हे लक्ष्मीमामीचं जन्माचं पालुपद. मी बरोबर खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे त्या चपलांची फटफट माझ्याही नशिबात आहे आणि मी ते त्याला तोंडावर ऐकवतो. त्याच्यावर काडीचा परिणाम होत नाही.

मामा ड्रायव्हर होता. गिरगावातल्या एका शेटजींची एल्डरविन चालवायचा. एल्डरविन म्हणजे काय, हे आमच्या लालबागच्या चाळीत पाळण्यातल्या पोरालाही पाठ आहे. इंग्लंडातल्या दोघा भावांनी शंभरेक वर्षांपूर्वी घोडागाड्यांचा कारखाना मोडून मोटारी करायला घेतल्या. गाड्या निघायच्या मोजक्या, पण निघाल्या की संस्थानिकांच्या नाहीतर गिरणीमालकांच्या दारात उभ्या राहायच्या. बॉनेटच्या टोकाला वीतभर उंचीची पितळी बाई, हातात दिवा, एक पाय उचलून धावणारी. पुढे भाऊभाऊ भांडले, कारखाना दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे आणि शेवटी बंद पडला. सुटे भाग यायचे थांबले. तरी मामा परळच्या गिरणीतल्या ओळखीच्या कामगारांकडून भाग घडवून घ्यायचा आणि गाडी रस्त्यावर ठेवायचा. दर दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि त्या पितळी बाईला हळदकुंकू. मग शेटजी गेले. मुलांनी गाडी भंगारात काढली. मामाने फक्त ती बाई मागून घेतली.

घरी आणल्यावर तो ती ट्रंकेत टाकणार होता. मामीने हात धरला. "दर दसऱ्याक जिची पूजा केलास, तिका ट्रंकेत घालतास? पाप लागात!" आणि तिने ती देव्हाऱ्यात ठेवली, कुलदैवताच्या टाकाशेजारी. एका इंग्रजी कंपनीची खूण आमच्याकडे 'दिवेवाली' झाली. रोज तिला फूल, शुक्रवारी दूधसाखर. चाळीतल्या पोरांची लायसनची टेस्ट असली की त्यांच्या आया मामीच्या दारात नारळ घेऊन उभ्या. मी हसायचो खरा, पण माझ्या टेस्टच्या सकाळी मीही पाया पडून गेलो होतो.

गाडी गेल्यावर मामाने शिवडीच्या गोदामांतून टेम्पो हाकले. मग डोळ्यांनी दगा दिला आणि लायसन बंद झालं. फेऱ्या सुरू झाल्या त्या तेव्हापासून.

यंदा बातमी आली की कुणा परदेशी पैसेवाल्याने एल्डरविनचं मेलेलं नाव विकत घेतलं, नवीन गाड्या बाजारात आणल्या आणि मुंबईतलं शोरूम लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उघडतंय. झालं! मामा रोज चालत जाऊन त्या काचेला नाक लावून उभा. गाडी विजेवर चालते हे कळल्यावर घरी येऊन म्हणाला, "आवाज नाय रे तिका! आवाजाबिगर गाडी कसली?" तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. वॉचमनला त्याने दिवेवालीची गोष्ट सांगितली, वॉचमनने आतल्या बाईंना सांगितली आणि एका सकाळी मेघना नावाची मुलगी कंपनीतर्फे आमच्या चाळीत आली.

मुलगी चांगली होती. चपला बाहेर काढल्या, चटईवर बसली, देव्हाऱ्यासमोर वाकून हात जोडले. "काका, दिवा घेतलेली ही मूर्ती थोड्याच वर्षांच्या गाड्यांवर होती," ती म्हणाली. "आमच्याकडे नुसते फोटो आहेत. शोरूममध्ये एल्डरविनचा इतिहास मांडतोय. ही मिळाली तर..."

ती पैशांचं बोलू लागली तसा मामाने हात वर केला. "पैसे नको. ती गाडीवर लावायची. लालबागातून एक फेरी. मी पुढे बसणार. मग ठेवा तुमच्या काचेत."

मेघनाने तिथूनच फोन लावला. उद्घाटनाच्या सकाळी एक फेरी मान्य झाली. मामाचा चेहरा असा उजळला की मला त्याचे तरुणपणाचे फोटो आठवले. तेवढ्यात मोरीतून मामी आली आणि म्हणाली, "दिवेवाली मी कोणाक देवची नाय."

पुढचे दिवस त्या घरात चहासुद्धा रागाने उकळत होता. मामी म्हणे, देव काय फिरायला पाठवायचा असतो? आणि शोरूम होतंय त्याच गिरणीच्या गेटातून तिचा बाप रोज कामाला आत जायचा. एक दिवस टाळं लागलं, ते कायमचं. तिथे ती आपली देवी ठेवणार नव्हती. मामा चिडून म्हणाला, "अगो, ती धावणारी बाई आसा! इतकी वर्सां तिका एका पाटार उभी करून ठेवलंस!" मग त्याच्या तोंडून गेलं, "देवी खंयची? गाडीचा पितळ ता."

मामी रडली नाही. तिने भाजी चिरायला घेतली आणि खूप वेळ ती एकच भेंडी चिरत राहिली. मामाच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की मीच वर जाऊन म्हटलं, एकदाचं काय ते ठरवा.

शेवटी मामीनेच तोड काढली. कौल लावायचा. आमच्या गावी देवाला असंच विचारतात: मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मामाने मान डोलावली. नुकतंच तो जिला पितळ म्हणाला होता, तिचाच निर्णय मानायला तो तयार झाला. हे फक्त आमच्यातच होऊ शकतं.

मामीने दिवेवालीला आंघोळ घातली, पाकळ्या लावल्या, हात जोडले. "बाय गे, ह्या म्हाताऱ्याक तुका घेऊन जावचा आसा. जातलंस तर उजवो कौल दी, ऱ्हवतलंस तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," मी आणि मामा गाऱ्हाण्याच्या रीतीने म्हणालो.

पंखा बंद होता. मामा पाटावर मांडी घालून बसला, गुडघे हातांनी दाबून धरून. माझ्या आठवणीत तो प्रथमच असा बसलेला. त्याचे ओठ हलत होते. मला स्वतःला त्या उजव्या पाकळीला फुंकर घालावीशी वाटत होती.

डावी पडली.

मामाने वाकून नमस्कार केला, उठला आणि गॅलरीत गेला. मला वाटलं, आता फेऱ्या सुरू होतील. पण आवाज आला नाही. तो कठड्याला धरून उभा होता, खाली बघत. पाय हलत नव्हते. उजवासुद्धा.

मामी दारातून त्याच्याकडे बघत राहिली. मग ती देव्हाऱ्याकडे वळली, दिवेवाली उचलली आणि नव्या खणात गुंडाळली.

"मामी, कौल डावा आलाय," मी म्हटलं.

"देवीची माफी माका मागूक येता," ती म्हणाली. तिने गॅलरीकडे बोट केलं. "ह्येंची मी खंय मागू?"

उद्घाटनाच्या सकाळी कंपनीच्या माणसाने दिवेवाली बॉनेटवर नीट बसवली, मामीने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी निघाली. पुढे मामा, मागे मामी आणि मी. आमच्या चाळीसमोर आया कठड्यावरून हात जोडत होत्या. सिग्नलला मामाचा उजवा पाय ड्रायव्हरच्या आधी ब्रेक मारत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परतताना दिवेवाली शोरूममध्ये ठेवायला गाडी गिरणीच्या गेटातून आत वळली, तेव्हा मामीने डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर मामा खुर्चीत बसला, पाठ टेकून. दुपार झाली, तरी तसाच. मामीने देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेवर फूल ठेवलं, दोनदा त्याच्याकडे वळून बघितलं आणि मग त्याच्या चपला आणून पायांशी ठेवल्या.

"उठा ओ," ती म्हणाली. "वाईच फेरी मारून येवा."