दारावरची वजनं

होसकोट्याजवळच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर मी वर्षभर नोकरी केली. काम काय ते ऐकून जयनगरच्या आमच्या घरात सगळे हसायचे. "एम.एस्सी. झालास आणि कोंबड्यांची मर्जी विचारत बसतोस," असं बाबा म्हणत. पण काम खरोखर तेच होतं. मालक नव्या शेड बांधणार होते. पिंजऱ्यात अंडी घालायला आडोशाचं खोकं द्यायचं की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. कोंबडीला ते किती हवंय, हे मी मोजून सांगायचं होतं.

मोजायची रीत सोपी. खोक्यात भाताचं तूस, समोर ढकलून उघडायचं दार. अंडं आलं की कोंबडी दार ढकलून आत जाते. रोज दारावर थोडं वजन वाढवायचं. ती जितकं ढकलेल तितकी तिची गरज मोठी. कुठवर वाढवायचं, तर ती हरेपर्यंत. हा भाग मी नोकरी घेताना नीट ऐकलाच नव्हता.

एक तांबडी कोंबडी फार हट्टी. मला ती मनापासून आवडायची, म्हणून तिचाच जास्त राग यायचा. थांब ना बाई! छाती लावून ढकलायची, मागे यायची, पुन्हा ढकलायची. तिच्या मानेखालची पिसं झडली, कातडी लाल झाली. शेड झाडणारी अक्का आमच्यासारखीच पिढ्यान् पिढ्या इथली, कानडी मुलखातली मराठी. ती रोज माझ्यामागे लागायची.

"अण्णा, तिला अंडं आलंय की. आज स्वल्प कमी ठेवा वजन."

"तसं चालत नाही अक्का. मोजणी खोटी ठरते."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून ती तोंड फिरवून झाडू लागायची.

एका सकाळी तांबडीनं तीनदा ढकललं. दार हललं नाही. ती जाळीवर फेऱ्या घालत राहिली आणि शेवटी तिनं उभ्याउभ्याच अंडं टाकलं. ते तारेवर तडकलं. मी वहीत आकडा लिहिला, आणि लाज वाटते सांगायला, पण खूश झालो. दाण्यासमोरही मी तसंच दार लावून पाहिलं होतं; भुकेली असतानाही ती एवढं ढकलत नसे. आता मालक नाही कसं म्हणतील!

मालकांनी अहवाल शेवटून वाचला. "म्हणजे इथं नाद सोडते ती. आणि अंडं तरीही घालते?"

"घालते, पण..."

"मग झालं तर."

ती नको म्हणून थांबली नव्हती, दमून थांबली होती. हे मी दोनदा सांगितलं, आवाजही चढवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि चहा मागवला. पालथ्या घड्यावर पाणी. आकडा माझाच, तो नाकारू कसा?

बाहेर अक्का वाट पाहत होती. "काय म्हणाले? खोकं मिळणार ना आपल्या पोरींना?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो. ठरलं होतं, आणि ज्या वजनाच्या जोरावर ठरलं, ते मीच माझ्या हातानं दारावर चढवलं होतं.