भाऊजींची उलटी पावलं

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा वेल्डर. दगड फोडणाऱ्या यंत्रांचे झिजलेले जबडे भरून द्यायचं काम त्यांच्या कारखान्यात चालतं आणि त्यात भाऊजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी मेहुणी असून हे म्हणतेय, म्हणजे बघा! लांब जोड असला की ते मागे न बघता एकेक पाऊल उलटं सरकत जायचे आणि समोर जोड सरळ उमटत जायचा.

त्या जबड्यांच्या पोलादात आणि वेल्डिंगच्या रॉडमध्ये मँगनीज असतं. त्याचा धूर वर्षानुवर्षं नाकात गेला की मेंदूत ठाण मांडतो. कारखान्यातल्या मंडळींचा उपाय ठरलेला, पाळी सुटली की पेलाभर दूध. धूर जातो छातीत, दूध जातं पोटात, दोघांची गाठ पडणार कुठे? पण ऐकतो कोण.

मग भाऊजी माझ्या विनोदांवर हसेनासे झाले. मी फुगून बसले. ताई म्हणाली, माझ्यावर रागावतही नाहीत गं, चेहरा आपला जसाच्या तसा. सहीसुद्धा बारीक होत चाललेली. आणि एक दिवस उलटं सरकताना ते सपशेल पाठीवर पडले. घरी येऊन सांगितलं काय, तर जोड वाकडा झाला नाही.

कारखान्यात डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. घरच्यांशीही बोलायचं होतं, म्हणून ताई मला घेऊन गेली. सगळ्यांना रक्त देऊन मोकळं व्हायचं होतं. बाई म्हणाल्या, रक्तात फार तर अलीकडचं मँगनीज दिसतं, ते ठीक आलं म्हणून सुटलात असं नाही. बोटं भराभर आपटून दाखवायची, उलटं चालून दाखवायचं आणि शंका आली तर मेंदूचा एमआरआय. उलटं चालायचं म्हटल्यावर सगळे भिंतीला चिकटले. जो अडखळेल त्याच्या हातून वेल्डिंग जाणार, हे न कळायला कोणी कुक्कुलं बाळ नव्हतं. भाऊजींना तर आपलं काय होणार ते पक्कं ठाऊक होतं.

तरी सगळ्यांच्या आधी तेच पुढे आले. बाई म्हणाल्या, आत खोलीत चला.

"इथंच घ्या," भाऊजी म्हणाले. "यांना बघू दे."

दोन पावलं नीट पडली. पुढच्या पावलाला तोल गेला आणि बाईंनी नि ताईनं त्यांना झेललं. भाऊजी सावरले आणि सोबत्यांकडे वळले.

"माझं उशिरा कळलं. तुमचं वेळेत कळू दे. चला, या एकेक."

मग मालकांनाही त्यांनी सांगितलं, की प्रत्येक जागी धूर ओढणारी नळी बसेपर्यंत मशीन चालू होणार नाही. तो ढिम्म चेहरा बघून मालकांना घासाघीस सुचली नाही.

त्या दिवशी सगळे तपासून घेऊन गेले. दोघांचं अगदी सुरुवातीला सापडलं, त्यांना धुरातून हलवलं. भाऊजींचा आजार मात्र पुरता मागे फिरणारा नाही, थिजलेला चेहराही त्याचाच भाग, आणि औषधाचाही फारसा उपयोग नाही. हातातला वेल्डिंगचा होल्डर सुटला. आता ते दुसऱ्यांचे जोड तपासतात. एवढा धीराचा माणूस आमच्या घरात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

परवा मी विचारलं, भाऊजी, दूध चालू आहे ना? चेहरा हलला नाही. म्हटलं, राहू द्या, विनोद फसला.

"फसला नाही," ते सावकाश म्हणाले. "मी हसतोय. तू सांगत जा."