दुपारी बंद केलेला फिटनेस बँड

आज मंगळवार. दुपारी अडीच वाजता माझी झोप मोडली गेली.

सकाळपासून तोंडवलीत वीज नव्हती. संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना बॅटरी उरावी म्हणून जेवल्यावर मी मनगटावरचा फिटनेस बँड बंद केला आणि आडवी झाले. नको तेव्हा दिवासुद्धा जळता कामा नये, ही आमच्या शाळेतल्या सिस्टरांची शिस्त.

तेवढ्यात शेजारची जुबेदा मासे टाकून धावत आली. हाताला खवले तसेच. "गो बाये, जिती आसस मां? तुझो झील फोनार रडता!"

"निजललंय गो, मराक नाय अजून."

मग उलगडा झाला. माझ्या हृदयाचे ठोके चिरंजीव पुण्यात बसून मोबाइलवर बघत असतात. ते दिसेनासे झाले, म्हणून ही धावपळ. वाढदिवसाला बँड देताना हे मला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्याचे फोन का कमी झाले, तेही आज कळलं.

मैत्रिणींनो, याला काळजी म्हणायचं की पहारा?

चिरंजीव, मला का विचारलं नाहीस, याचं लेखी उत्तर रविवारी संध्याकाळी पाचच्या आत याच पोस्टखाली हवं. तोवर बँड बंद राहील. मी कशी आहे, हे रोज फोन करून विचारायचं.