अडचणी जपणारा माणूस

कॉलेजात सगळे त्याला मोजपट्टी म्हणत. हंगामी शिक्षक. पीएचडी झाली की कायम करू, असं गोड आश्वासन वरून मिळालेलं आणि त्याच्या भरवशावर लग्नही ठरलेलं. शिक्षणात आणि नोकरीच्या वाटेत मुलांना कोणते अडथळे जाणवतात, ते मोजायला त्याने पीएचडीसाठी प्रश्नांची एक पट्टी बनवली होती. घरचा विरोध, घरकाम, न्यूनगंड. प्रत्येकापुढे शून्य ते पाच आकडे, त्यातल्या एकाला गोल करायचा. दुःखाची इतकी सुटसुटीत सोय आजवर कुणी केली नसेल.

पहिल्या फेरीत मुलांनी सढळ हाताने गोल केले. मोजपट्टी खूश. पण मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांनी त्याच मुलांकडून पुन्हा भरून घ्या. उत्तरं तीच आली तरच पट्टी विश्वासार्ह, नाहीतर प्रबंध परत.

झालं, गृहस्थाचा जीव टांगणीला लागला. वर्गात कुणी हसताना दिसलं की हा त्याचा जुना कागद काढून बघे. एकाला शिष्यवृत्ती मिळणार अशी कुणकुण लागली, तर हा कार्यालयात जाऊन, निकालाची एवढी काही घाई नाही ना, असं विचारून आला. होणाऱ्या बायकोने फोनवर मुलांची चौकशी केली. हा म्हणाला, "देवाच्या कृपेने अजून कुणाचं काही सुधारलेलं नाही."

दुसऱ्या फेरीत बाकी सगळ्यांनी इमानाने आपापल्या अडचणी सांभाळून आणल्या. घात केला तो शेवटच्या बाकावरच्या उंच मुलीने. पहिल्या वेळी वडिलांचा विरोध पाच, घरकाम पाच. आता दोन्हीकडे शून्य. मोजपट्टीने तिला बाहेर व्हरांड्यात घेतलं आणि मागच्या वेळी घाईत लिहिलंस का, असं विचारलं.

"नाही सर. अंदाजाने पाच लिहिलं होतं. मग वाटलं, खरंच पाच आहे का ते बाबांनाच विचारावं."

वडिलांच्या मते विरोध कसला, तिनेच कधी विषय काढला नव्हता. आता ती परगावी नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती आणि स्वयंपाकाची सवय व्हावी म्हणून वडील आतापासूनच रोज भात करपवत होते.

मोजपट्टी काकुळतीला आला. "निदान घरकाम तरी तीन कर."

"तुमचं अडलं असेल तर करते सर," ती म्हणाली. "पण बाबांना काय सांगू?"

तो तसाच बाईंकडे गेला. बाईंनी चष्माही वर केला नाही. एकटीच आहे ना, मग नमुन्यातून वगळा, म्हणाल्या. त्याने वगळली. पट्टी कमालीची विश्वासार्ह निघाली. विद्यार्थ्यांच्या अडचणी अत्यंत स्थिर असतात, असा निष्कर्ष छापून आला आणि मोजपट्टी कायम झाला.

तोंडी परीक्षेत एका वयस्कर परीक्षकाने विचारलं होतं, एवढ्या मुलांत एकाचाही अडथळा दूर झाला नाही का?

"नमुन्यात तरी नाही सर," मोजपट्टी म्हणाला आणि पुढे समुपदेशन समिती नेमण्याची प्रबंधातली शिफारस वाचू लागला.